सही करण्यापूर्वी

चि. यास अनेक आशीर्वाद.

कथासंग्रहाचा करारनामा सही करण्याआधी मला वाचायला पाठवलास, याचा मला फार आनंद झाला. तू मानधनाच्या आकड्याबद्दल विचारले आहेस, पण मी अडलो तो चौथ्या कलमापाशी. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी व जगभरासाठी’ हे शब्द तू नेहमीचा मजकूर समजून सोडून दिलेले दिसतात.

कथा कागदावर उतरली त्या क्षणीच तिचा स्वामित्वहक्क तुझा झाला. त्यासाठी नोंदणीची गरज नाही. हा हक्क एकसंधही नसतो. मुद्रण, भाषांतर, नाट्यरूपांतर, चित्रपट, ध्वनिपुस्तक यांचे हक्क निरनिराळे देता येतात. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील १९ वे कलम लेखकाची बरीच काळजी घेते: मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो, आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात. मात्र करारात याउलट काही लिहिले की हे संरक्षण उरत नाही. शिवाय स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे तुझी आजची सही तुझ्या नातवंडांनाही बांधून ठेवील.

माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी मी असाच कागद न वाचता सही करून दिला. आवृत्ती संपली, प्रकाशकांनी दुसरी काढली नाही, आणि दुसरे कोणी काढायला तयार झाले तेव्हा होकार देण्याचा अधिकार मला नव्हता. याचे दुःख मला अजून आहे.

हक्क दिल्यानंतरही कृतीचे कर्तेपण सांगण्याचा आणि तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने तुझ्याकडेच राहतो. परंतु त्यावर विसंबून सही करू नकोस. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ साली उतरवताना मोडले. उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष आणि ५ लाख रुपये भरपाई त्यांना देण्याचा आदेश दिला, तो २००५ साली.

तेव्हा प्रकाशकांना नम्रपणे लिही की, मराठी पुस्तकाच्या मुद्रणाचाच हक्क ५ वर्षांसाठी देईन आणि ध्वनिपुस्तकाचा करार वेगळा करू. प्रदेशाबाबत तडजोड केलीस तरी चालेल, मुदतीबाबत करू नकोस. त्यांचा सुधारित मसुदा आला की मला पाठव.