वरातीची घोडी आहे घरी, पोलो शिकायचा असन तर सुरुवात कुठून करू?

आर्णीकडच्या एका भावानं विचारलं आहे. वडिलांचा वरातीच्या घोडीचा धंदा, यानं मोबाईलवर पोलोच्या, म्हणजे घोड्यावर बसून स्टिकनं बॉल मारत गोल करायच्या खेळाच्या, मॅचेस पाहिल्या अन आता विचारून राहिला का स्टिक कुठून आणू अन बॉल कसा मारू.

मी नऊ वर्ष जयपूरले पोलोच्या तबेल्यात सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, होतो, आता गावी कपाशी पाहतो. खेळाडू नाई मी. पण सकाळच्या प्रॅक्टिसले माणूस कमी पडला की आमच्यातल्या कोणाले तरी चढवत, त्यातून जे आलं तेवढंच सांगतो.

स्टिकचं आधी डोक्यातून काढा भाऊ. पोलोत डाव्या हातात लगाम, ते पण बहुतेक वेळा दोन जोड्या म्हणजे चार पट्टे, अन उजव्या हातात स्टिक. डावखुरा असला तरी उजव्यानंच मारा लागते, नियमच आहे. बॉल मारताना माणूस खोगिरातून उठून अर्धा बाहेर लटकते, अन तेव्हा तोल गेला म्हणून लगामाले लोंबकळला की सगळा हिसका घोडीच्या तोंडाले बसते, मंग ती मान वर करते, दुसऱ्या दिवशी स्टिक पाहूनच बिचकते. म्हणून पहिले दोन-तीन महिने फक्त बसणं. कोणाले तरी लांब दोरी धरून घोडी गोल फिरवाले लावा अन तुम्ही दुडक्या चालीत दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसा, मांड्या अन गुडघे पकडीत. चार फेऱ्या न हालता झाल्या की पुढचं बोलू.

दुसरं लाकडी घोडा. मोठ्या क्लबात तो जाळीच्या पिंजऱ्यात असते, खाली उतार असते म्हणून मारलेला बॉल घरंगळत परत येते. आपल्याले गावच्या सुताराकडून चार पायांवर एक ओंडका ठोकून घेतला तरी चालते, उंची घोडीच्या पाठीएवढी, वरतून जुनं खोगीर. स्टिक वेताची असते, पन्नास-बावन्न इंचाची, खाली लाकडाचं आडवं डोकं, अन मारायचं त्या डोक्याच्या लांब बाजूनं, हातोडीसारखं टोकानं नाई. नवीन पोट्टे तूर झोडपल्यासारखं जोरात मारते, मंग खांदा धरते. जोर लावाचाच नसते. खांदे फिरवून स्टिक वर न्या, तिच्या वजनानं तिले खाली येऊ द्या, बॉल रिकिबीच्या जरासा पुढं असताना लागला पाहिजे. उजवीकडून पुढं-मागं, डावीकडून पुढं-मागं असे चार फटके, पण पहिले उजवीकडचा पुढचा एकच घोटा.

आता खरी गोष्ट, जी व्हिडिओत दिसत नाई. बॉल ज्या दिशेनं गेला तिकडं जमिनीवर नांगराचा तास, म्हणजे सरळ रेघ, पडला असं समजा, पुढं पण अन मागं पण. त्या तासाच्या बाजूनं, बॉल उजव्या हाताले ठेवून जो येऊन राहिला, रस्ता त्याचा. त्याच्या समोरून तास कापायचा नाई. बाजूनं त्याच्या सोबत पळा, खांद्याले खांदा लावून त्याले तासावरून हटवा, त्याच्या स्टिकले आपली स्टिक अडकवा, हे सगळं चालते. डवऱ्याचे बैल कसे दोन ओळीच्या मधातून चालते अन ओळ तुडवली की बापाची शिवी बसते, तसंच. मी एकदा कापला. समोर बॉल थांबलेला दिसला अन हाव सुटली, आडवी घोडी टाकली, तिकडून येणाऱ्याची घोडी सरळ आमच्या बरगडीत. घोड्या वाचल्या, माझी कॉलरबोन गेली. चूक माझीच होती बाप्पा, फाऊल पण माझ्याच टीमवर लागला.

बाकी थोडक्यात. एका टीममधी चार जण, सात-साडेसात मिनिटांचा एक चक्कर, म्हणजे डाव, असे चार ते सहा चक्कर. गोल झाला की दोन्ही टीम बाजू बदलते. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या दर्जाचा आकडा, उणे दोन ते दहा, नवीन माणूस उणे दोनवर असते. मैदान तीनशे यार्ड लांब अन एकशे साठ रुंद, म्हणजे जवळपास दहा एकर! आपल्या इथं एवढ्यात दोन भावांच्या वाटण्या होते. घोडी लागोपाठ दोन चक्कर पळवत नाई, तिले दम लागते, म्हणून एका खेळाडूले दोन-चार घोड्या लागते. एका घोडीवर मॅच होणार नाई, ते आधीच सांगतो. घोड्या असलेला क्लब किंवा रायडिंग स्कूल गाठा लागन, मुंबई-पुणे-जयपूरकडं.

हा राजेशाहीचा खेळ म्हणून लाजू मात्र नका. मणिपुरात लोक पिढ्यान् पिढ्या लहानखुऱ्या तट्टांवर सगोल कांगजेई, म्हणजे त्यांचा जुना पोलो, खेळते, इंग्रज तिथून शिकले अन आसामातल्या सिलचरले १८५९ मधी क्लब काढला. घोडी बुटकी आहे म्हणून अडत नाई.

तुमच्या घोडीचा एक फायदा आहे, बँडबाजा अन फटाक्यांची सवय असल्यानं ती गोंधळाले घाबरणार नाई. तोटा हा की तिले नाचणं शिकवलं असन तर तुम्ही टाच लावली की ती पुढं जायच्या ऐवजी पाय उचलन, ते मोडाले वेळ लागते. काळ्या मातीच्या वावरात उन्हाळ्यात पळवू नका, भेगेत पाय गेला की घोडी गेली. मुरमाड पडीत पाहा, अन मार्चनंतर सूर्य निघायच्या आधीच. पळवून आणल्यावर लगेच बांधू नका, श्वास खाली येईपर्यंत हाती धरून चालवा. हेल्मेट तुमाले, चारी पायाले पट्ट्या तिले, शेपूट वेणी घालून वर बांधलेली, नाईतर स्टिक त्यात अडकते.

आयाळ पण पोलोच्या घोडीची साफ कापते, लगाम अन स्टिक त्यात गुंतू नये म्हणून. पण त्याच्या आधी वडिलांले विचारा भाऊ, लग्नसराई चालू आहे अन बोडक्या मानेच्या घोडीवर कोणता नवरदेव बसन.