आरती अख्खी म्हणतात, पण पाणी मागता येत नाही, असं का?

तुम्ही विचारलंय की दुचाकीच्या अपघातात डोक्याच्या डाव्या बाजूला मार बसल्यापासून बाबा आरती सगळी म्हणतात, पाणी मात्र मागत नाहीत. ते मुद्दाम करतात का, आणि सराव मराठीत घ्यावा की कोकणीत?

मुद्दाम मुळीच नाही. हा वाचाघात, म्हणजे अफेझिया: मेंदूला इजा झाल्यानं भाषा बिघडते. आरती, आकडे, वार हे तोंडात बसलेलं असतं, सुरुवात झाली की पुढचं आपोआप येतं. पाणी मागायला मात्र त्या क्षणी शब्द शोधावा लागतो, आणि बहुतेकांत ते काम डावा मेंदू करतो. त्यामुळे नुसत्या आरत्या म्हणून घेऊन फारसं साधणार नाही.

घरात कोकणी बोलत असाल तर सराव कोकणीत घ्या. 'पाणी'च्या जागी 'उदक' आलं तर ते बरोबरच. दुरुस्त करत बसू नका.

रोज लागणारे पंधरा-वीसच शब्द निवडा. वस्तू समोर ठेवा आणि दहा सेकंद गप्प राहा (घरच्यांना हेच सगळ्यात जड जातं). शब्द आला नाही तर वाक्य अर्धं सोडा: "सकाळी पोदेर आणतो तो..." (पोदेर म्हणजे पाववाला, शब्द हवा 'पाव'). तरीही अडले तर पहिला आवाज द्या, "पा..." शेवटी पूर्ण शब्द सांगून म्हणून घ्या. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, टीव्ही बंद ठेवून. थकले की थांबा.

समजतं बरं पण तोंडातून निघत नाही, अशांना गाण्यासारखी चाल उपयोगी पडते. "उदक दी" वरच्या-खालच्या दोन सुरांत म्हणा, प्रत्येक अक्षराला त्यांच्या डाव्या हातावर थाप द्या. आधी दोघं मिळून, मग तुम्ही मध्येच आवाज सोडा, मग साध्या बोलण्यात आणा. ही पद्धत थेरपिस्टकडून एकदा बघून घ्या.

"बोलता येत नाही तर लिहून दाखवा" हे सहसा फसतं, कारण वाचाघातात लिहिणंही बिघडतं. चित्रं, खुणा चालतात. त्यांच्या 'हो'वरही लगेच विसंबू नका; एकच गोष्ट उलटसुलट विचारा: "भूक लागली?" आणि जरा वेळानं "पोट भरलं?" दोन्हींना 'हो' आलं तर प्रश्नच नीट पोचला नाही.

डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅन घेऊन स्पीच थेरपिस्टकडे जा. उपचार बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) झाले असतील तर आधी तिथेच विचारा. पाणी पिताना ठसका लागतो का, हेही सांगा, गिळण्याची तपासणी वेगळी असते. आणि गुंगी वाढली, उलट्या सुरू झाल्या किंवा येणारं बोलणं अचानक गेलं, तर सराव बाजूला ठेवून १०८ ला फोन करा.