पेटीतल्या डांबरगोळ्या आणि डोक्यातल्या उवा

घरातली रसायने औषध म्हणून वापरण्याविषयीची पत्रे काही थांबत नाहीत. प्रश्न बहुतेक तेच, सल्लागारही तेच: शेजारच्या काकू, नाहीतर व्हॉट्सॲप.

प्रश्न: भाजल्यावर टूथपेस्ट लावली तर आग कमी होते ना?

उत्तर: नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. फोड मोठे असतील किंवा चेहरा, हात, सांधा भाजला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: पित्तासाठी रोज रात्री अर्धा चमचा खाण्याचा सोडा पाण्यातून घेतो. आठ महिने झाले, बरे वाटते. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

उत्तर: अर्ध्या चमच्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम असते, मिठातले रक्तदाब वाढवणारे तेच. म्हणजे लोणचे-पापड सोडायचे आणि मीठ सोड्यातून घ्यायचे! सोडा बंद करा. आठ महिने रोज जळजळ होते, तर तिचे कारण शोधायला हवे. या आठवड्यातच तपासून घ्या.

प्रश्न: मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिची लहानपणची झबली-दुपटी डांबरगोळ्या घालून पेटीत जपली होती. थोडा वास येतो. ऊन दाखवून बाळाला घातली तर चालतील?

उत्तर: चालणार नाहीत. वास येतो याचा अर्थ डांबरगोळ्यांतले नॅफ्थलीन हे रसायन अजून कापडात आहे. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) कमी असते. हा दोष आईकडून येतो, त्रास मुलग्यांना जास्त होतो आणि आईला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थलीन गेले की पेशी फुटू लागतात, कावीळ चढते, आणि फार चढली तर मेंदूला कायमची इजा होते. त्यात आपण काय करतो? बाळाला तेल माखतो आणि लगेच त्याच दुपट्यात गुंडाळतो. नॅफ्थलीन तेलात विरघळते, त्यामुळे ते कातडीतून आणखी सहज आत जाते.

अशी बाळे मी पाहिली आहेत. अंग हळदीसारखे, लघवी कोऱ्या चहासारखी, आणि घरच्यांचे म्हणणे, ‘कोवळ्या उन्हात धरत होतो, उतरेल असं वाटलं.’ त्या उन्हात दोन मोलाचे दिवस गेलेले असतात. बाळ पिवळे दिसले, दूध ओढेना, फार झोपू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि पेटीतले कपडे घातले होते हे न विचारता सांगा.

गोळ्या विकणाऱ्यांचे तर काय सांगावे! रंगीत, सुगंधी, पाकिटावर फुले. सुट्या घेतल्या तर पाकीटही नाही आणि रांगत्या पोराला ती पेपरमिंटच वाटते. एक गोळी गिळली तरी थेट रुग्णालयात न्या. कपड्यांत कडुनिंबाची वाळलेली पाने घाला, आपल्या आज्या तेच करत. (या गोळ्यांनी साप येत नाही, हेही दर पावसाळ्यात विचारतात. येतो.)

प्रश्न: मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. सासूबाई रॉकेल लावायला सांगतात.

उत्तर: त्यांना म्हणावे, लिखा रॉकेलने सुटत नाहीत, कातडी मात्र सोलते, आणि ओट्याजवळ केस पेटण्याची भीती वेगळीच. एक टक्का पर्मेथ्रिनचे औषध मिळते. ते सांगितले तेवढाच वेळ ठेवून धुवायचे, ७ ते १० दिवसांनी पुन्हा लावायचे, आणि फणी घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात फिरवायची. मूल दोन वर्षांहून लहान असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि ते रॉकेल घरात कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेले असेल, तर आजच दुसरीकडे हलवा.

प्रश्न: मुलाने चुकून रॉकेल प्यायले तर मीठपाणी पाजून उलटी काढावी ना?

उत्तर: अजिबात नाही. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते. मीठपाणीही घातक. १०८ ला फोन करा.

प्रश्न: संडास लख्ख व्हावा म्हणून ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळावी का?

उत्तर: नको. क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न: दाढीनंतर तुरटी फिरवतो. काही अपाय?

उत्तर: खुशाल फिरवा. कापले असेल तिथे झोंबेल, एवढेच.