सकाळी फोनच्या आधी श्वास

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. साताऱ्याला आईची तब्येत तोळामासा असते. सकाळी डोळे उघडले की हात आधी फोनकडे जातो आणि मग दिवसभर काहीतरी वाईट घडणार असं वाटत राहतं. मुलं समोर असतात, पण माझं लक्ष त्यांच्यात नसतं. काय करू?

उत्तर : ताई, हिवाळ्यात साताऱ्याचं घड्याळ तुमच्या साडेपाच तास पुढे असतं. तुम्ही सहाला उठता तेव्हा तिकडे साडेअकरा वाजलेले असतात. आईची औषधं, शेजाऱ्यांच्या चौकशा, नातेवाइकांचे तर्कवितर्क, सगळं अंथरुणातच एकदम अंगावर येतं. कुणीही धास्तावेल. म्हणून फोन उघडण्याआधीची पाच मिनिटं तेवढी स्वतःसाठी राखा. खरंच तातडीचं असेल तर घरचे फोन करतात. त्या दोन-तीन जणांचे फोन रात्रीही वाजू द्या, बाकीचे आवाज बंद करा.

उठून बसा. मनात चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. एक आकडा साधारण एका सेकंदाचा धरला, तर मिनिटाला ६ श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. गरगरलं तर मोजणं लगेच सोडून द्या. दोन-तीन मिनिटांनी तसंही मोजणं थांबवायचंच आहे. मग नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत राहा, त्याला वळण लावू नका. हे आनापान. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १० दिवसांच्या शिबिराचे पहिले ३ दिवस एवढंच शिकवतात.

मन साताऱ्याला जाईलच. गेलं हे लक्षात आलं की स्वतःवर न चिडता श्वासाकडे परत या. शंभरदा गेलं तर शंभरदा या. या परत येण्याचीच सवय लागायला हवी, कारण संध्याकाळी मुलगी शाळेतलं काही सांगत असताना तुम्हाला नेमकं हेच करायचं असतं.

डिसेंबरात लीड्सला चारच्या आतच सूर्य मावळतो आणि ती वेळ मनाला फार खाते. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती आणि परवचा असायचा. तसंच मुलांना घेऊन बसा. प्रत्येकाने दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी सांगायच्या आणि त्या का घडल्या तेही सांगायचं. हा 'का' गाळू नका. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात आठवडाभर रोज रात्री हे लिहिणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही बरं वाटत असल्याचं दिसलं होतं. 'आजी आज पोटभर जेवली, कारण मामीने तिच्या आवडीचं पिठलं केलं' एवढंही पुरे. 'सगळं छान होईल' असं घोकण्यात मला अर्थ वाटत नाही. आई आजारी आहे हे खरं, आणि तिच्यापाशी माणसं आहेत हेही तितकंच खरं. मन पहिलं आपसूक पाहतं, दुसरं त्याला मुद्दाम दाखवावं लागतं.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर केवळ ध्यानावर विसंबू नका. जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या समुपदेशन सेवेकडे, जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःही नाव नोंदवता येतं. इंग्रजीत मन मोकळं करणं जड जात असेल, तर दुभाषी मागायला संकोचू नका.