लॉकडाऊनमध्ये पाळणाघर बंद, तरी पूर्ण फी द्यायची का?

कोविडच्या लॉकडाऊनमध्ये आलेला प्रश्न असा: नागपुरातलं पाळणाघर लॉकडाऊनमुळे बंद आहे, तरी ताई महिन्याचे पूर्ण 5,000 मागताहेत. द्यायचे का?

पूर्ण नाही, पण शून्यही देऊ नका. आधी प्रवेशाच्या वेळी सही केलेला फॉर्म काढा. त्यात ‘सुट्टी असली तरी फी लागू’ असं असेल, तर ते बहुतेक मुलाच्या गैरहजेरीबद्दल असतं. पाळणाघरच बंद राहिलं तर काय, हे क्वचितच लिहिलेलं असतं. तिथेच बोलणीला जागा आहे.

मग फी फोडून बघा. दूध, खाऊ, जेवण, व्हॅनचं डिझेल हे खर्च बंदच आहेत, ते वजा व्हायलाच हवेत. जागेचं भाडं आणि मावशींचा पगार मात्र चालूच असतो. समजा, 5,000 पैकी जेवण आणि व्हॅनचे 2,000 निघाले, तर उरलेल्या 3,000 वर बोला. निम्म्यावर तोडगा निघाला तरी वाईट नाही. मावशींचा पगार खरंच दिला जातोय ना, हे आवर्जून विचारा. लॉकडाऊनमध्ये सगळ्यात आधी त्यांचंच घर अडचणीत येतं.

जे ठरेल ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: रक्कम, कोणते महिने, आगाऊ भरलेले पैसे पुढे वळते होणार का. अनामत रक्कम वेगळी ठेवा, फीत परस्पर कापू देऊ नका. बहुतेक भांडणं तिथेच होतात.

शाळांच्या फीत 15 टक्के सवलतीचा सरकारी आदेश ऑगस्ट 2021 मध्ये निघाला, पण तो शाळांसाठी. पाळणाघराला तो दाखवून उपयोग नाही. अनामत परत मिळत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.