दोन एकर विकून एरोनॉटिकल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातून एका कास्तकारभाऊंचं पत्र आलं आहे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. पोरगी यंदा बारावी झाली. सीईटीला ९४ पर्सेंटाइल, जेईई मेनला ८८. भाऊ लिहितात, "ते म्हणते, मले विमान चालवाचं नाही, बनवाचं हाय." तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात शिक्षण मेळावा भरला होता. तिथे परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाच्या माणसानं एरोनॉटिकल बी.टेक.ची जागा धरून ठेवतो म्हणून पाच हजार घेतले. चार वर्षांचा खर्च होस्टेलसकट चौदा लाख सांगितला. "सरकारनं विमान संशोधनाचं मोठं धोरण धरलं आहे, अमेरिकेसारखं. पोरगी बाहेर पडेपर्यंत नोकऱ्याच नोकऱ्या," असं तो म्हणाला. भाऊंचा प्रश्न एका ओळीचा आहे : दोन एकर काढून टाकू काय? आणि त्याच कागदाच्या पाठीमागे पोरीनं पेन्सिलीनं वेगळाच एक प्रश्न लिहिला आहे. त्याकडे शेवटी येतो.

भाऊ, नमस्कार.

वावर विकू नका. पेरणीच्या धांदलीत पुढचं वाचायला सवड झाली नाही तरी एवढं लक्षात ठेवा.

माहितीपत्रकाची झेरॉक्स तुम्ही जोडली हे बरं केलं. पहिल्या पानावर तेजस, आपलं देशी लढाऊ विमान, झेरॉक्समध्ये काळंठिक्कर पडलेलं. शेवटच्या पानावर फीचं कोष्टक, त्याखाली बारीक अक्षरात 'प्लेसमेंट असिस्टन्स'. म्हणजे नोकरी शोधायला मदत करू. मागच्या वर्षी एरोनॉटिकलची किती पोरं कुठल्या कंपनीत लागली, याचा सोळा पानांत एक आकडा नाही. मी दोनदा शोधला.

त्या माणसानं सांगितलेलं सगळंच खोटं आहे असंही नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी डिसेंबर २००६ मध्ये विमानशास्त्राच्या संशोधनाचं राष्ट्रीय धोरण खरोखरच जारी केलं होतं. सुरक्षितता, संरक्षण, इंधन, पर्यावरण यांच्यासोबत या क्षेत्रातलं कुशल मनुष्यबळ टिकवणं हेही त्यात तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. पण त्यामागे १९१५ पासून, नासाच्या आधीच्या 'नाका' या संस्थेपासून, सरकारनं विमानाच्या संशोधनात ओतलेला पैसा आहे.

आपल्याकडचं काम चार घरांत वाटलेलं आहे. बंगळुरूची राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा, म्हणजे एनएएल, १९५९ पासूनची. ती सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेची, म्हणजे विज्ञान खात्याकडे. तेजसचा आराखडा करणारी एडीए आणि इंजिनावर काम करणारी जीटीआरई संरक्षण संशोधनाकडे. विमानं प्रत्यक्ष बांधणारी एचएएल संरक्षण उत्पादन विभागाकडे. आणि विमान उडू द्यायचं की नाही हे ठरवणारी डीजीसीए नागरी उड्डयन खात्याकडे. हे मुद्दाम सांगतो, कारण पोरीला उद्या नोकरीचा अर्ज करायचा झाला तर 'विमान धोरण' नावाच्या दारात जाता येणार नाही. या चारांपैकी एका दारात जावं लागेल, आणि प्रत्येक दाराची रीत निराळी.

पैसा वाढतोय, तेही खरं. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाचा २५ टक्के निधी उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना खुला केला. मार्च २०२४ मध्ये एएमसीए या नव्या लढाऊ विमानाच्या विकासाला १५ हजार कोटी मंजूर झाले. पण या क्षेत्रात मंजुरीपासून पीक हाती येईपर्यंतचा काळ कापसासारखा सहा-सात महिन्यांचा नसतो. तेजसचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला, हवाई दलात दाखल २०१६ मध्ये. मंजुरीच्या वर्षी बावीसाव्या वर्षी लागलेला इंजिनीअर तोवर पंचावन्नचा झाला. एनएएलचं 'सारस' हे छोटं प्रवासी विमान २००४ मध्ये उडालं. मार्च २००९ मध्ये चाचणीच्या वेळी पडलं, त्यात तिघे गेले. पुढे काम रखडलं, पैसा आटला, आणि सुधारलेलं विमान पुन्हा आकाशात गेलं ते २०१८ मध्ये. मधली नऊ वर्षं त्यावर काम करणाऱ्यांनी काय केलं असेल? ज्यांच्या हातात पक्की, कुठेही चालणारी विद्या होती ते दुसऱ्या कामाला लागले. म्हणून मी शाखेबद्दल इतका कटकट्या आहे.

विमान बनवायला एरोनॉटिकलच लागतं, ही समजूत त्या मेळाव्यातल्या माणसाच्या सोयीची आहे. आपलं घोडं नेमकं कुठे अडलंय ते बघा. तेजस आजही अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनावर उडतं. आपल्या कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ चा, पण ते तेजसला लागेल तेवढा जोर देऊ शकलं नाही. जेट इंजिनाच्या आत टर्बाइनची पाती फिरतात, तळहातावर मावतील अशी. त्यांच्यावरून जाणारा वायू ती पाती ज्या धातूची आहेत तो वितळेल त्याहून गरम असतो. तरी ती वितळत नाहीत, कारण आतून पोकळ नळ्या काढून थंड हवा खेळवलेली असते, आणि आख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकाचं ओतलेलं असतं. हे ओतकाम जगात मोजक्या देशांना जमतं. आणि ते धातुशास्त्रवाल्यांचं काम आहे. पंख मोडणार नाही ना हे बघणारा मेकॅनिकलचा, विमानाला हवेत सावरून धरणारा संगणक इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. डीआरडीओच्या, म्हणजे त्याच संरक्षण संशोधनवाल्यांच्या, सायंटिस्ट 'बी' पदाची जाहिरात मोबाइलवर उघडून पोरीला दाखवा. सगळ्यात जास्त जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या असतात, एरोनॉटिकलच्या त्यांच्या मानानं अगदी थोड्या. ही पदं गेट या इंजिनीअरांच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर आणि मुलाखतीवर भरतात. तिथे कॉलेजच्या इमारतीचा फोटो कोणी बघत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं : बी.टेक. मेकॅनिकल, धातुशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये, सरकारी कॉलेजात. तिसऱ्या वर्षापासून गेटची तयारी. मग एम.टेक. एरोस्पेसमध्ये. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची आयआयएससी मेकॅनिकलच्या मुलांनाही गेटवर एरोस्पेसला घेतात, आणि तिथे महिन्याला विद्यावेतन मिळतं. जेईईच्या ८८ पर्सेंटाइलवर नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्रीय कॉलेजची आशा धरू नका. सीईटीच्या ९४ वर मात्र अमरावती किंवा चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी नजरेच्या टप्प्यात आहे. कोणती शाखा मिळेल हे यंदाच्या फेऱ्या ठरवतील. गेल्या वर्षीची कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर आहे, ती समोर ठेवूनच पसंतीक्रम भरा. आणि पसंती भरताना गावातल्या कॅफेवाल्याला 'तूच भर' म्हणू नका. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी कोणाच्या तरी घरी रडारड होते.

आता पैशाचं. हे त्या माणसानं तुम्हाला सांगितलं नाही, आणि तो सांगणारही नाही. तुम्ही पत्रात कुणबी-ओबीसी लिहिलंय, उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. महाराष्ट्र सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांतून, मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. परराज्यातल्या विद्यापीठाला हे लागू नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही. म्हणजे एकीकडे चौदा लाख, आणि दुसरीकडे खोली, मेस, पुस्तकं एवढाच खर्च. दोन एकराचा हिशेब इथेच मिटतो.

पण कागदं! माझ्याकडे येणाऱ्या दहा पालकांतले सहा कागदांत अडकलेले असतात. जातीचा दाखला आहे म्हणता, जात पडताळणीचं काय? अकरावीतच प्रस्ताव टाकला असेल तर उत्तम, नसेल तर उद्याच यवतमाळच्या समितीत जा आणि पावती सांभाळून ठेवा. नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. घरात जुनं पडलेलं असेल तर त्यावरची तारीख वाचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा. सेतू केंद्रावर आत्ता गर्दी आहे, पण जुलैत याहून जास्त होते.

दुसरी एक गल्लत तुमच्या पत्रात दिसली. 'एएमई' म्हणजे एरोनॉटिकल इंजिनीअरिंगच, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. तसं नाही. एएमई म्हणजे विमानाची देखभाल करून 'हे उडायला ठीक आहे' अशी सही करणाऱ्याचा डीजीसीएचा परवाना. चांगलं काम आहे, जबाबदारीचं आहे, पण विमान बनवण्याचं नाही. पोरीचं म्हणणं तुम्हीच लिहिलंय, बनवाचं हाय.

आणि हे काम फक्त बंगळुरूलाच असतं असंही समजू नका. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंग ७८७ विमानाच्या फरशीखालच्या तुळया, कार्बन फायबरच्या, बनल्या आहेत. तिथेच एअर इंडियासाठी उभारलेलं विमानांचं देखभाल केंद्र आहे. फ्रान्सच्या दासो कंपनीचं फाल्कन २००० हे जेट फ्रान्सबाहेर पहिल्यांदा नागपुरात जोडण्याची घोषणा जून २०२५ मध्ये झाली. कारखान्यातलं काम संशोधनापेक्षा वेगळं, हे खरं. तरी घरापासून चार-साडेचार तासांवर विमानाचा भाग हातात धरायला मिळतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिथे इंटर्नशिपसाठी अर्ज करायला सांगा.

आता पाठीमागचा प्रश्न. बेटा, हे तुझ्यासाठी.

तू लिहिलंस, "ड्रोननं फवारलं तर औषध पानाच्या खाली कसं जातं? पांढरी माशी तर खालीच असते." मी गेल्या हंगामात दारव्ह्याकडे एका कपाशीच्या वावरात उभा राहून हेच पाहत होतो. ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वर आलं की पंख्याचा वारा झाडावर आपटतो, पानं उलटी होतात आणि वावराचा तेवढा पट्टा फिकट दिसायला लागतो, कारण दिसत असते ती पानांची खालची बाजू. वारा जमिनीवर आदळून परत वर उसळतो, त्यासोबत थेंबही. पण पंख्यांच्या टोकाशी हवेचे भोवरे होतात, ते बारीक थेंब बाहेर फेकतात. केसाच्या जाडीएवढा थेंब स्थिर हवेत सेकंदाला पाव मीटरच्या आसपास पडतो. दोन मीटरवरून खाली यायला त्याला आठ सेकंद लागले आणि वारा सेकंदाला तीन मीटर असला, तर तो कुठे पडेल? गुणाकार तू कर. शेजाऱ्याची विहीर तेवढ्यावर आहे का, तेही बघ. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यामुळे हा हिशेब नुसता वहीतला नाही.

बंगळुरूच्या प्रयोगशाळेत विमानाच्या पंखामागचे भोवरे मोजतात, ते याच जातीचे. तुमच्या गावात बचत गटाकडे ड्रोन आलं असेल, तर ते चालवणाऱ्या ड्रोनताईंना एक टाकी नुसत्या पाण्याची, नीळ घालून, उडवायला सांग. औषध अजिबात नाही. आधी पांढऱ्या कागदाचे तुकडे काही पानांच्या वर आणि काही खाली स्टेपल कर. मग दोन्हीकडचे ठिपके मोज, ड्रोन दोन मीटरवर असताना आणि तीनवर असताना, सकाळी आणि दुपारी. आकडे मला पाठव. बाबांच्या पत्राच्या पाठीमागे नको, वेगळ्या कागदावर.

भाऊ, त्या पाच हजारांची पावती असेल तर लेखी परत मागा. नसेल, तर त्यांचा नाद सोडा.