सही कोणाची, आणि कशावर?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची गोळी त्यांनी आठवड्यातून एकदा घ्यायची होती. पण येथील एका खासगी रुग्णालयातून घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ‘रोज एक’ असे लिहिले गेले. आठ-दहा दिवसांत त्यांचे तोंड आले, ताप भरला, रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या आणि त्यांना पुन्हा दाखल करावे लागले. आता ते पूर्ण बरे आहेत. डॉक्टरांनी मला आणि भावाला बाजूला घेऊन चूक कबूल केली. बाबांना मात्र आम्ही ‘औषध मानवले नाही’ एवढेच सांगितले आहे. डॉक्टरांना या प्रकारावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहायचा आहे आणि त्यासाठीच्या संमतीपत्रावर माझी सही हवी आहे. नाव छापणार नाही, असे ते म्हणतात. सही करावी का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तुम्ही सही करू नये, कारण ती देण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही. वडील शुद्धीवर आहेत, त्यांची समज शाबूत आहे. तेव्हा त्यांच्या आजाराविषयी काय छापावे हे तेच ठरवू शकतात. आपल्याकडे रुग्णालयात ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ असे विचारून कागद नातेवाइकांपुढे सरकवण्याची सवय इतकी मुरली आहे, की खाटेवरच्या माणसाला विचारायचे राहूनच जाते आणि ते राहिले हे कोणाला जाणवतही नाही.

अडचण अशी, की ज्या गोष्टीला वडिलांनी संमती द्यायची ती गोष्टच त्यांना ठाऊक नाही. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीमागे पुरेशी माहिती असली पाहिजे असे म्हटले आणि निदानासाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेला पुरत नाही हेही स्पष्ट केले. तो निकाल उपचारांपुरता आहे, पण त्यातला विचार येथेही लागू पडतो. ‘औषध मानवले नाही’ असे समजणाऱ्या माणसाने ‘माझ्या बाबतीत झालेली चूक छापा’ असे लिहून दिले, तर त्या सहीला काय अर्थ राहील? तुम्ही काळजीपोटी गप्प राहिलात हे मी समजू शकतो. परंतु हे औषध आठवड्याऐवजी रोज घेतले जाणे ही जगभर पुन्हापुन्हा घडलेली चूक आहे, आणि वडिलांना ते यापुढेही घ्यावे लागणार असेल, तर दुसऱ्यांदा असे घडू न देणारा पहिला पहारेकरी तेच आहेत. त्यांना सांगायलाच हवे. ते काम डॉक्टरांनी स्वतः, तुमच्या उपस्थितीत करावे. चूक कशी झाली आणि त्यानंतर रुग्णालयाने काय बदलले, हेही त्याच बैठकीत सांगावे.

आता नाव न छापण्याविषयी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र किंवा वृत्तान्त त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. ओळख उघड होणार नसेल तर संमतीची गरज नाही, असेही तेच नियम सांगतात. या सवलतीचा आधार घेऊन डॉक्टरांना तुम्हाला न विचारताही लेख पाठवता आला असता. त्यांनी विचारले, हे मी त्यांच्या बाजूने मोजतो. मात्र नाव गाळले म्हणजे ओळख पुसली असे होत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने डोळ्यांवर काळी पट्टी ओढणेही अपुरे ठरवले आहे. ‘डेक्कनवरच्या शाळेतून निवृत्त झालेले ७१ वर्षांचे चित्रकला शिक्षक’ एवढे छापले, तर अर्ध्या पुण्याला नाव सांगावे लागणार नाही. ओळख पटण्याजोगा तपशील राहणार असेल, तर छापण्यापूर्वी लेखाचा मसुदा रुग्णाला दाखवावा, असे ही समिती सांगते. वडिलांनी तो मागावा, कोणाकडून तरी मराठीतून समजून घ्यावा आणि वय, व्यवसाय, दाखल झाल्याचा महिना यांतले जे औषधाच्या चुकीशी संबंधित नाही ते काढायला सांगावे. लेख एकदा इंटरनेटवर गेला की संमती मागे घेऊन फारसे काही साधत नाही.

मसुद्यात आणखी एक गोष्ट पाहावी. असे लेख पुष्कळदा ‘औषधाचा दुष्परिणाम’ या मथळ्याखाली येतात आणि चिठ्ठी कोणी लिहिली, औषध दुकानात ती कोणी तपासली, घरी सोडताना तोंडी कोणी समजावले, यावर अवाक्षर नसते. असा लेख वाचून दुसऱ्या डॉक्टरांच्या पदरात काही पडत नाही. चिठ्ठीवर गोळी घ्यायचा वार अक्षरांत लिहावा, एवढे जरी त्यातून कोणी उचलले तरी लेख सार्थकी लागेल. म्हणून वडील राजी असतील, तर लेख छापला जावा असेच माझे मत आहे. ते नको म्हणाले, तर कारण देण्यास बांधील नाहीत आणि त्यांच्या पुढच्या उपचारांत त्यामुळे फरक पडता कामा नये.

शेवटी कागदाचे. संमतीपत्र फक्त प्रकाशनापुरते असावे; ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ अशा आशयाची ओळ त्यात असेल, तर ती खोडून मगच सही करावी. वडिलांच्या उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत, असे २००२ चेच नियम सांगतात. ती आताच मागून ठेवा. भरपाईचा विचार मनात असेल, तर ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे, आणि लेख छापून येईपर्यंत ती थांबत नाही.